पत्र्याखालची निळाई

तिसरी पट्टी हलली तेव्हा दुपार संपत आली होती आणि म्युझियमच्या जुन्या वस्तू जपण्याच्या लॅबमध्ये आम्ही दोघीच होतो, मी आणि मॅडम. टेबलावर सोळाव्या शतकातल्या चिलखताचा एक लोखंडी दस्ताना, उजव्या हाताचा. दस्तान्यात पंजाच्या पाठीवर एकावर एक चढलेल्या अरुंद पट्ट्या असतात, मूठ वळली की त्या एकमेकींवरून सरकतात आणि मूठ उघडली की परत जागेवर येतात, म्हणजे यायला हव्यात. आमच्या दस्तान्याच्या पट्ट्या जुन्या तेलाचा चिकटा आणि गंज यांनी एकमेकींना अशा धरून बसल्या होत्या की तो कित्येक वर्षं अर्धवट मिटलेल्या मुठीसारखाच पडून होता. आधी एक्स-रे काढला, आतले रिव्हेट, म्हणजे पट्ट्या जोडणाऱ्या खिळ्या, शाबूत आहेत का ते बघितलं, मग आठवडाभर बारीक ब्रशच्या टोकाने थेंब थेंब सॉल्व्हंट, म्हणजे चिकटा विरघळवणारं द्रव, सोडत बसले, पुसत बसले, वाट बघत बसले. जोर लावायचा नाही हा पहिला नियम. आणि त्या दिवशी ती हलली. फार नाही, दोन-तीन मिलिमीटर. त्या फटीत निळा रंग होता.

रंगवलेला निळा नाही. मोराच्या मानेवरचा असतो ना, आपण जरा इकडेतिकडे झालो की बदलणारा, तसा. बाकी सगळा दस्ताना राखाडी-पांढरा, घासून घासून गुळगुळीत झालेला, कडा बोथट झालेल्या, नक्षीच्या रेषा उथळ झालेल्या, आणि मधेच ही एक रेघ जिच्यापर्यंत चारशे-साडेचारशे वर्षांत कोणाचं फडकं पोचलं नव्हतं. मॅडम वाकून बघत राहिल्या बराच वेळ. मग एवढंच म्हणाल्या, "अगं, म्हणजे हा सगळाच असा होता."

चिलखत म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? चकचकीत पोलाद, आरशासारखं. सिनेमात तेच, मुलांच्या पुस्तकात तेच, आणि म्युझियममध्ये गेलो तरी बहुतेक वेळा काचेआड तेच उभं असतं त्यामुळे शंका यायचं कारणच नाही. आता काही चिलखतं मुळातच तशी पांढरी, नुसती पॉलिश केलेली होती हे खरंय. पण समारंभाची, मिरवणुकीची, राजेलोकांनी खास करवून घेतलेली जी चिलखतं होती त्यांच्यातली कितीतरी निळी होती, काळी होती, तपकिरी होती, जांभळट होती, त्यावर सोन्याचे पट्टे, चांदीचा मुलामा, आतून लाल मखमलीचं अस्तर. ती उन्हात रस्त्यावरून जाताना कशी दिसत असतील याची कल्पना आज काचेआडच्या त्या राखाडी पुतळ्याकडे बघून करताच येत नाही. मधल्या काळात ती "स्वच्छ" झाली. आणि ती स्वच्छ करणाऱ्यांचं त्यांच्यावर प्रेम होतं, हे मला सगळ्यात जास्त टोचतं.

पण आधी समारंभी चिलखताबद्दल एक गैरसमज. लोकांना वाटतं की लढाईचं चिलखत ते खरं आणि मिरवणुकीचं म्हणजे नुसतं नाटकातलं. मला हे कधीच पटलं नाही. लढाईच्या चिलखताचं काम घाव अडवणं, आणि समारंभाच्या चिलखताचं काम दिसणं, आणि दिसणं हे त्या काळात सत्तेचं काम होतं, साधंसुधं नव्हे. इटलीतल्या मिलानच्या फिलिप्पो नेग्रोली या कारागिराने १५४३ साली केलेलं एक शिरस्त्राण न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. वरच्या तुऱ्याच्या जागी एक जलपरी मागे रेललेली, तिच्या हातांत ग्रीक पुराणातल्या मेड्यूसा राक्षसिणीचं मुंडकं, केसांनी धरलेलं, आणि हे सगळं पोलादाच्या एकाच पत्र्यातून ठोकून वर काढलंय. वजन दोन किलोसुद्धा नाही. पोलाद हा काही सोन्याचांदीसारखा मऊ धातू नाही, ठोकताना तो कडक होत जातो, परत तापवावा लागतो, परत ठोकावा लागतो, आणि एक चुकीचा घाव पडला की पत्रा फाटला. इतकं करून त्याने काय केलं, तर पृष्ठभागावर अशी गडद छटा चढवली की ते पोलाद आहे असं वाटूच नये, जुन्या रोमन काळातलं ब्राँझ वाटावं! म्हणजे त्या वस्तूचा अर्थ तिच्या सगळ्यात वरच्या थरात आहे. समजा कोणीतरी भक्तिभावाने ते घासून लखलखीत केलं असतं तर जलपरी राहिली असती, मेड्यूसा राहिली असती, आणि नेग्रोलीला जे म्हणायचं होतं ते निघून गेलं असतं.

लंडनच्या टॉवरमध्ये इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचं साधारण १५१५ सालचं एक चिलखत आहे, त्याचं आणि त्याच्या घोड्याचं दोघांचं. पॉल व्हॅन व्रेलांट नावाच्या फ्लेमिश कारागिराने त्यावर सगळीकडे कोरीवकाम केलंय, सेंट जॉर्ज आणि सेंट बार्बराच्या कथा, गुलाब, डाळिंबं (डाळिंब हे त्याच्या पहिल्या राणीचं, कॅथरिन ऑफ अ‍ॅरागॉनचं चिन्ह), आणि हे सगळं चांदीने मढवलेलं. कमरेखाली पोलादाचा घागरा आहे, खऱ्या कापडाला पडाव्यात तशा चुण्या पाडलेला, आणि त्याच्या काठावर एच आणि के ही दोन अक्षरं गाठीने बांधलेली, हेन्री आणि कॅथरिन. पुढे १५३३ मध्ये ते लग्न रद्द ठरवलं गेलं. अक्षरं मात्र अजून एकमेकांना बांधलेलीच आहेत. मला असं वाटतं की चिलखताचा पत्रा हा कागदच होता या लोकांचा. आणि हे नुसतं बोलायला नाही, खरोखरच तसं झालं. लोखंडावर मेणासारखा थर लावायचा, त्यावर रेघा ओढायच्या आणि उघड्या पडलेल्या जागी आम्लाने धातू खायला लावायचा ही पद्धत चिलखतं सजवणाऱ्यांची. जर्मनीतल्या आउग्सबर्गच्या डॅनियल हॉप्फरने तीच पद्धत वापरून लोखंडी पत्रे कोरले आणि त्यावर शाई लावून कागदावर छाप घेतले, एचिंग नावाची चित्रकलेची अख्खी शाखा तिथून वाढली. चिलखतातून चित्र निघालं.

तर तो निळा रंग. तो कसा येतो हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी चक्रावून गेले होते. त्यात रंगद्रव्य काहीच नसतं. स्वच्छ पॉलिश केलेलं पोलाद हळूहळू तापवत नेलं की त्यावर ऑक्साइडचा अगदी पातळ थर धरायला लागतो. सव्वादोनशे अंशांच्या आसपास फिकट पिवळा दिसतो, मग तपकिरी, दोनशे ऐंशीच्या सुमारास जांभळा, तीनशेच्या आसपास तो गडद निळा. थराची जाडी बदलते तसा त्यातून परावर्तित होणारा प्रकाश बदलतो, साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात तेच कारण. आणि जाडी किती, तर एका मायक्रॉनच्या (मिलिमीटरचा हजारावा भाग) दहाव्या भागापेक्षाही कमी! आपला केस साधारण सत्तर-ऐंशी मायक्रॉन असतो, म्हणजे हिशोब करा. कारागीर थर्मामीटर न बघता नुसत्या डोळ्याने तो क्षण पकडत होता, छातीचा एवढा मोठा पत्रा सगळीकडे एकसारखा तापवून निळा होताच बाहेर काढायचा, दहा-वीस अंश जास्त झाले की रंग पुढे सरकून फिका पडला. एवढ्या जपून आणलेला रंग आणि तो जायला काय लागतं? तेल, विटेची भुकटी आणि एक उत्साही हात.

आणि हात भरपूर होते. शस्त्रागारात गंज दिसणं म्हणजे कामचुकारपणा, त्यामुळे वर्षानुवर्षं, पिढ्यानपिढ्या घासणं चालू होतं. कड्यांची चिलखतं वाळू भरलेल्या पिंपात घालून लोळवायचे. टॉवर ऑफ लंडनमध्ये सतराव्या शतकापासून लाकडी घोड्यांवर राजांची रांग मांडलेली होती, लाइन ऑफ किंग्ज, लोक पैसे देऊन बघायला येत, आणि त्या रांगेत विल्यम द कॉन्करर म्हणून जो बसवला होता त्याच्या अंगावर सोळाव्या शतकातलं चिलखत होतं, म्हणजे त्याच्यानंतर पाचशे वर्षांनी बनलेलं. १८२६-२७ मध्ये सॅम्युअल रश मेरिक या अभ्यासकाने ती मांडणी सुधारली. हे सांगायचं कारण असं की तेव्हा बघणाऱ्याला आणि दाखवणाऱ्याला हवा होता तो देखावा. कोणाचं, कधीचं, कुठल्या रंगाचं हे प्रश्नच नव्हते. चकाकी असली की पुरे.

मला त्यांच्यावर रागवायचा फार हक्क नाही, कारण मी पण हे केलंय.

ट्रेनिंगच्या काळात एका ठिकाणी मला खांद्याचा एक पत्रा दिला होता, प्रदर्शन तोंडावर होतं, वरून निरोप आला की दोन दिवसांत "उजळून" द्या. पत्र्यावर सगळीकडे तपकिरी, मंद, मातकट असा थर. मी गंजच समजले. बारीक अ‍ॅब्रेसिव्ह, म्हणजे घासायचं द्रव्य, घेतलं, कडेपासून सुरुवात केली, फडकं लालसर होत गेलं आणि खालून पांढरं पोलाद वर यायला लागलं. आनंद होत होता मला, खोटं कशाला सांगू, हाताखाली काहीतरी जन्माला येतंय असं वाटतं तेव्हा. साधारण दोन बोटं रुंद पट्टा झाल्यावर सवयीने मायक्रोस्कोपखाली बघितलं आणि हात थांबला. उरलेला तपकिरी थर सगळीकडे सारख्या जाडीचा, दाट, घट्ट बसलेला, आणि नक्षीच्या सोनेरी पट्ट्याशी येऊन नेमका थांबलेला. गंज असा रेघ ओढल्यासारखा थांबत नाही. तो मुद्दाम चढवलेला रंग होता, लोखंडाला ताब्यात ठेवून गंजवून आणलेली तपकिरी छटा, सोन्याच्या शेजारी सुंदर दिसावी म्हणून. माझा दोन बोटांचा पट्टा अजून तिथे आहे, पांढरा. त्याची नोंद मी स्वतः लिहिली, तारखेसकट, फोटोसकट. मधल्या चारशे वर्षांत ज्यांनी ज्यांनी घासलं त्यांनी नोंद ठेवली नाही, तेवढा एकच फरक त्यांच्यात आणि माझ्यात.

म्हणून आता हात लावायच्या आधी बघणं. आणि बघण्याची साधनं आज इतकी आहेत की कधीकधी वाटतं हाताची गरजच पडू नये.

आम्ही सगळ्यात जास्त वापरतो ते एक्सआरएफ, हातात धरता येईल एवढं यंत्र, ते पृष्ठभागावर एक्स-रे सोडतं आणि तिथले अणू उलट जे एक्स-रे सोडतात त्यावरून कुठले धातू आहेत ते सांगतं. धातूला ओरखडा नाही, तुकडा कापायला नको. सोन्याच्या मुलाम्यावर ते धरलं आणि सोन्यासोबत पारा दिसला की समजायचं, जुन्या पद्धतीचा, अग्नीवरचा मुलामा. सोनं पाऱ्यात कालवून लोण्यासारखा लेप करायचा, पण पोलाद तो लेप नीट धरत नाही म्हणून आधी मोरचुदाच्या पाण्याने तांब्याचा हलका थर द्यायचा, मग लेप, मग विस्तवावर धरून पारा उडवून लावायचा. पारा उडतो, सोनं राहतं, आणि पाऱ्याचा अंश सोन्यात कायमचा अडकून बसतो. कारागिराच्या फुप्फुसातही जात असणार तो, त्याची नोंद कुठल्या यंत्रात दिसत नाही. पारा अजिबात सापडला नाही तर मात्र कान टवकारायचे. सोनं वर्खासारखं चिकटवलेलं असेल, किंवा एकोणिसाव्या शतकात कोणीतरी विजेच्या साहाय्याने नवीन चढवलेलं असेल, कारण विजेने मुलामा द्यायची पद्धत १८४० नंतरच धंद्यात आली.

एकोणिसाव्या शतकाची तर वेगळीच डोकेदुखी आहे. तेव्हा श्रीमंत संग्राहकांना पूर्ण चिलखत हवं असायचं, डोक्यापासून पायापर्यंत, आणि बाजारात मिळायचे ते सुटे भाग. मग व्यापाऱ्यांनी कुठलं शिरस्त्राण, कुठली छाती, कुठल्या मांड्या अशी जुळवाजुळव केली, उरलेलं नवीन करून घातलं, आणि सगळं एकसारखं दिसावं म्हणून काय केलं असेल? घासलं. सगळं एकाच पांढऱ्या रंगात आणलं. आज आपण ते उलगडत बसतो. हाताने ठोकलेल्या पत्र्याची जाडी जागोजागी बदलते, छातीच्या मध्यावर जास्त, कडेला कमी, अल्ट्रासाउंडच्या यंत्राने ती मोजता येते, आणि गिरणीतून लाटून आलेला पत्रा सगळीकडे एकाच जाडीचा निघतो. जुन्या लोखंडात भट्टीतल्या मळीचे बारीक धागे अडकलेले दिसतात, १८५६ च्या बेसेमर पद्धतीनंतरच्या वितळवून ओतलेल्या पोलादात ते तसे नसतात. हे कळलं की बाहेरून कितीही एकरूप दिसणारा पुतळा आतून चार-पाच माणसांचा निघू शकतो. मला यात फसवणूक उघडकीला आणल्याचं समाधान वगैरे फारसं वाटत नाही. उलट एखादा दंडाचा तुकडा आपल्या मूळ जोडीला सापडला, दोन्हींवर कारागिराने जुळणीसाठी मारलेल्या कानशीच्या खुणा एकसारख्या निघाल्या, की मात्र दिवसभर बरं वाटतं.

पृष्ठभागाच्या आत बघायचं तर न्यूट्रॉन. एक्स-रे पोलादात फार खोल जात नाहीत पण न्यूट्रॉन काही सेंटिमीटर आरामात पार जातात, आणि बाहेर पडताना आतली स्फटिकांची रचना सांगतात, कार्बन किती, पत्रा ठोकून तसाच ठेवलाय की तापवून पाणी दिलंय, म्हणजे एकदम गार करून कडक केलाय. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळ रदरफोर्ड अ‍ॅपलटन लॅबोरेटरीत आयसिस नावाची अशी सोय आहे, तिथे जपानी शिरस्त्राणं अशी तपासली गेली आहेत. वस्तू आहे तशी परत येते, फक्त किरणोत्सार ओसरेपर्यंत थोडी वेगळी ठेवावी लागते.

आणि इथे ती गोष्ट येते जी मी प्रत्येक नवीन मुलाला किंवा मुलीला सांगते. अ‍ॅलन विल्यम्स या धातुशास्त्राच्या अभ्यासकांनी युरोपभरच्या चिलखतांचे पत्रे मायक्रोस्कोपखाली तपासले, वर्षानुवर्षं. त्यांना असं दिसलं की पंधराव्या शतकात पोलादाला पाणी देऊन कडक करण्यात तरबेज असलेले मिलानचे कारागीर सोळाव्या शतकाच्या सुरुवातीनंतर ते करणं जवळजवळ सोडून देतात. विसरले का? नाही. सोन्याचा मुलामा फॅशनमध्ये आला. पारा ३५७ अंशांना उकळतो, मुलामा द्यायचा तर पत्रा तेवढा तापवायला हवा, आणि पाणी दिलेलं पोलाद परत तापवलं की त्याचा कडकपणा उतरतो. म्हणजे एकतर घाव अडवणारा पत्रा घ्या नाहीतर झळाळणारा. मिलानने झळाळी घेतली. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या कारखान्याने दोन्ही साधायचा मार्ग काढला, आणि हेन्रीने परदेशी कारागीर आणून लंडनजवळ ग्रीनिचला जो कारखाना काढला तिथे बराच काळ चाचपडून शेवटी ते जमलं, मुलाम्याची उष्णता आणि पोलादाचा कडकपणा हवा तेवढाच उतरवण्याची उष्णता एकाच वेळी साधायची. सोनं चढतंय आणि त्याच आचेवर पोलाद हवं तेवढंच मऊ होतंय. कल्पना करा भट्टीसमोर उभ्या असलेल्या त्या माणसाची. समारंभाचं चिलखत म्हणजे दिखाऊ असं म्हणणाऱ्याला मी हे सांगते आणि मग गप्प बसते.

या ग्रीनिचच्या चिलखतांची रंगीत चित्रं उरली आहेत हे आपलं नशीब. तिथला मुख्य कारागीर जेकब हाल्डर याचा चित्रसंग्रह लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे, एलिझाबेथ राणीच्या काळातल्या सरदारांसाठी केलेली चिलखतं, नक्षीसकट, रंगासकट. चित्र शेजारी ठेवून आज उरलेली वस्तू बघितली की कुठे काय होतं आणि काय गेलं ते समोर येतं.

गेलेल्या सोन्याचीही खूण राहते कधीकधी. भारतीय आणि इराणी चिलखतांवर, छाती-पाठ-बगला झाकणारं चार पत्र्यांचं चार-आईना असतं त्यावर, किंवा हात झाकणाऱ्या पत्र्यांवर, कोफ्तगारीचं काम असतं. त्यात पारा नाही, पोलादावर आधी अतिशय बारीक आडव्या-तिडव्या रेघा खरवडून जाळी करायची आणि त्यावर सोन्याची तार ठोकून बसवायची, जाळीचे दात तार धरून ठेवतात. सोनं झिजून उडून गेलं तरी ती जाळी पत्र्यावर असते. तिरपा प्रकाश टाकून मायक्रोस्कोपमधून बघितलं की जिथे काहीच नाही असं वाटत होतं तिथे आख्खा वेल उभा राहतो, पान, कळी, देठ. अशा पत्र्याला कोणी पॉलिश करूया म्हणालं की माझ्या पोटात गोळा येतो.

आता जपणं. लोकांना वाटतं की लोखंड टिकाऊ, त्याला काय जपायचं. पण एकटं लोखंड असतं तर सोपं होतं, हवा कोरडी ठेवली की झालं. चिलखत म्हणजे लोखंड, पितळ, चामडं, मखमल, रेशीम, लाकूड सगळं एकत्र. लोखंडाला कोरडी हवा हवी, चामडं कोरड्या हवेत आकसतं, तडकतं. पितळी रिव्हेटला चामड्यातली चरबी लागते आणि तिथे हिरवा मेणचट थर फुलून येतो, काढला तरी काही वर्षांनी परत. १६१३ साली जपानचा शोगुन, म्हणजे लष्करी शासक, तोकुगावा हिदेतादा याने इंग्लंडच्या पहिल्या जेम्सला दोन चिलखतं भेट पाठवली, ती रॉयल आर्मरीज या ब्रिटनच्या शस्त्रसंग्रहालयाकडे अजून आहेत. जपानी चिलखतात लोखंडाच्या पट्ट्यांवर लाखेचा थर असतो आणि पट्ट्या रेशमी दोऱ्यांनी विणलेल्या. लाखेला थोडी दमट हवा लागते, लोखंडाला ती चालत नाही. लाखेखाली गंज धरला तर तो फुगतो आणि लाख पापुद्र्यासारखी उचलते. रेशमाला प्रकाश सोसत नाही म्हणून ५० लक्सवर (लक्स हे उजेड मोजायचं एकक) दिवे मंद करायचे, आणि काळ्या रंगासाठी ज्यात लोह वापरलं होतं ते रेशीम सगळ्यात आधी भुकटी होतं, आपोआप, हात न लावता. सगळ्यांना थोडं थोडं सोसावं लागेल अशी हवा ठरवायची आणि ती हलू द्यायची नाही, याशिवाय दुसरा उपाय नाही. हवेतला चढउतार हाच मोठा शत्रू.

काचेची पेटीसुद्धा शत्रू असू शकते. ओकच्या लाकडातून, प्लायमधून, डिंकातून आम्लाची वाफ निघत राहते, लोकरीच्या कापडातून गंधक निघतं आणि चांदी काळी पडते. म्हणून पेटीत जे काही वापरायचं त्याची आधी परीक्षा. ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ मध्ये सांगितलेली पद्धत आम्ही अजून वापरतो: कापडाचा किंवा फळीचा तुकडा, चांदी, शिसं आणि तांब्याचे छोटे पत्रे, थोडं पाणी, सगळं बंद नळीत घालून ६० अंशांवर २८ दिवस. पत्रे काळवंडले तर ते कापड बाद. गंमत म्हणजे दिसायला सगळ्यात सुंदर कापडं बहुतेक वेळा नापास होतात.

आणि बोटं. घामातलं मीठ पोलादावर राहतं, त्या दिवशी काहीच दिसत नाही, काही आठवड्यांनी अंगठ्याचा ठसा गंजाच्या रेषांत उमटतो, अगदी वळणं मोजता येतील इतका स्पष्ट. तो पुसून जात नाही, कारण तो धातूतच कोरला गेलेला असतो. मी एका छातीच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला असा जुना ठसा बघितलाय, कोणीतरी पत्रा उचलून धरला होता तेव्हाचा, चार बोटं. तो आम्ही तसाच ठेवला. पत्र्यावर मेणाचा पातळ थर दिला, आमच्याकडे रेनेसान्स वॅक्स नावाचं मेण वापरतात, हवं तेव्हा काढून टाकता येतं. आपण जे करू ते पुढच्याला उलट फिरवता आलं पाहिजे, बस्स.

तर मग निळा रंग परत का चढवत नाही, हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो, आणि विचारणारा प्रेमानेच विचारतो. तंत्र माहीत आहे, तापमान माहीत आहे. पण मूळ पत्रा परत तीनशे अंशांना तापवला की त्यातली जी काही स्फटिकांची रचना विल्यम्ससारख्या माणसाने वाचली असती ती बदलते, उरलासुरला मूळ ऑक्साइड जातो, आणि हाती येतो तो आपला निळा, त्यांचा नाही. नवीन पत्र्यावर करा ना, जरूर करा. नवा दस्ताना ठोका, निळा करा, सोनेरी करा, जुन्याच्या शेजारी ठेवा, लोकांना दोन्ही बघू द्या. मला स्वतःला ते फार आवडेल.

आमच्या दस्तान्याचं पुढे काय झालं ते सांगते. निळ्या पट्टीवर एक्सआरएफ केलं, मायक्रोस्कोपचे फोटो काढले, रंग यंत्राने मोजून ठेवला. मग चर्चा सुरू झाली की रिव्हेट काढून पट्ट्या वेगळ्या कराव्यात का, म्हणजे पाचही पट्ट्यांखालचा रंग बघता येईल, कदाचित सोनंही असेल. दोन रिव्हेट जुने वाटत होते, मूळचे असण्याची बरीच शक्यता. रिव्हेट काढायचा म्हणजे डोकं कापायचं, आणि परत घातला तरी तो नवीन. मला तो रंग बघायचा होता. खूप बघायचा होता, झोपेत पट्ट्या सरकताना दिसायच्या. मॅडमनी माझ्याकडे बघून फक्त विचारलं, "तुझं काय मत?" आणि मी बराच वेळ काही बोलले नाही, मग म्हणाले, नको.

पट्टी परत जागेवर सरकवायची तेव्हा त्या निळ्यावर घासणार नाही यासाठी वेगळी काळजी घ्यावी लागली, अर्धा दिवस गेला. आता तो दस्ताना काचेच्या पेटीत आहे, राखाडी-पांढरा, बाकीच्यांसारखाच. पाटीवर मी एक ओळ घालून घेतली: "मूळ रंग गडद निळा, तिसऱ्या पट्टीखाली अजून शिल्लक." लोक ती वाचतात आणि मग वाकून, मान तिरकी करून पट्टीच्या फटीत बघायचा प्रयत्न करतात. दिसत नाही काही. तरी बराच वेळ बघतात.